कीटोजेनिक आहार घरी सुरू करताना : वैद्य व औषधविक्रेते यांनी घ्यावयाची दक्षता

स्थौल्य आणि मधुमेह या दोन व्याधींच्या रुग्णांमध्ये ‘कीटो’ हा शब्द आता घरोघरी परिचित झाला आहे. कोणाच्या भाच्याने तीन महिन्यांत बारा किलो वजन उतरविले, कोणाच्या शेजाऱ्याची साखर गोळीवाचून आटोक्यात आली, अशा ऐकीव कथांवर विश्वास ठेवून रुग्ण स्वतःच पोळी-भात बंद करतो व वाटीने तूप-पनीर सुरू करतो. वैद्याकडे तो येतो तो मलावष्टंभ, शिरःशूल, पिंडिकोद्वेष्टन किंवा हृल्लास अशी तक्रार घेऊन. आहार बदलल्याचे पुष्कळदा विचारल्याशिवाय सांगतही नाही. म्हणूनच या आहाराचा पुरस्कार किंवा धिक्कार करीत न बसता, रुग्ण तो घरी सुरू करणारच असेल तर त्याला कोणत्या क्रमाने, काय तपासून व काय टाळून मार्गदर्शन करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. यातील एक मुद्दा प्राणरक्षणाशी निगडित असल्याने त्याचे विवेचन काहीसे विस्ताराने केले आहे.

या आहाराचा पूर्वेतिहास

पिष्टमय पदार्थ वर्ज्य करून वजन कमी करण्याची कल्पना नवीन नव्हे. लंडन येथील विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थांनी वैद्यकीय सल्ल्याने पाव, साखर, बटाटे सोडले आणि १८६३ मध्ये आपला अनुभव पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. ‘कीटोजेनिक आहार’ ही संज्ञा मात्र १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी रूढ केली, आणि ती स्थौल्यासाठी नव्हे तर अपस्मारासाठी. उपवासाने आक्षेप कमी होतात हे पूर्वीपासून ज्ञात होते. उपवासाचा तोच परिणाम आहार चालू ठेवून साधण्याचा हा प्रयत्न होता. त्यातील अभिजात प्रमाण ४:१ असे आहे, म्हणजे वजनाने चार भाग स्निग्ध पदार्थ व एक भाग प्रथिने आणि कर्बोदके मिळून. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध उपयोगात आल्यावर हा आहार मागे पडला. १९९० नंतरच्या दशकात, औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात तो पुन्हा वापरात आला. या उपयोगासाठी त्याला आजही शास्त्रीय मान्यता आहे.

स्थौल्यातील उपयोगाविषयी मात्र तारतम्य हवे. पहिल्या काही महिन्यांत वजन वेगाने उतरते हे खरे. परंतु २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ६०९ प्रौढांच्या वर्षभराच्या अभ्यासात अल्प-कर्बोदक आहार घेणाऱ्या गटाचे वजन सरासरी ६.० किलो, तर अल्प-स्निग्ध आहार घेणाऱ्या गटाचे ५.३ किलो उतरले; हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या महत्त्वाचा ठरला नाही. ‘हा एकच मार्ग आहे’ अशा आग्रहाने आलेल्या रुग्णास ही माहिती अवश्य द्यावी.

शरीरात काय घडते ?

दैनंदिन कर्बोदके सुमारे २० ते ५० ग्रॅमच्या आत आणली की यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा दोन-तीन दिवसांत बराचसा संपतो. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम जल बांधलेले असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात उतरणारे दोन-तीन किलो वजन हे मुख्यतः जलाचे असते, मेदाचे नव्हे. इन्शुलिनचे प्रमाण घटल्याने वृक्कांवाटे लवणही अधिक प्रमाणात बाहेर पडते. त्यानंतर यकृत मेदापासून कीटोन द्रव्ये तयार करते व मेंदूसह अनेक अवयव ती इंधन म्हणून वापरतात. या अवस्थेत रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट साधारणतः ०.५ ते ३ मिलिमोल प्रतिलिटर असते. इन्शुलिन पुरेसे असेपर्यंत ही मर्यादा शरीर स्वतः सांभाळते. इन्शुलिनचा अभाव झाला की मर्यादा सुटते व कीटोअॅसिडोसिस ही मारक अवस्था उत्पन्न होते.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात स्थूल पुरुषाची संप्राप्ती सांगताना मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे कोष्ठात संचार करणारा वायू अग्नीला प्रदीप्त करतो व त्यामुळे क्षुधा वाढते, असे वर्णन केले आहे. म्हणूनच स्थूलासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे : गुरू असल्याने तीक्ष्णाग्नीचे शमन होते, अपतर्पण असल्याने मेदाची वृद्धी होत नाही. कीटो आहार या कसोटीवर अर्धाच उतरतो. तो गुरू आहे, त्यामुळे भूक शमते. परंतु स्वभावतः तो संतर्पण करणारा आहे. त्याच अध्यायात यव, श्यामाक, कोद्रव, मुद्ग, कुलत्थ यांची योजना सांगितली आहे आणि आपल्या शास्त्राचा स्थौल्यावरील स्वाभाविक मार्ग तोच होय.

दुसरे असे की, शोधनांग स्नेहपान सात दिवसांपलीकडे नेण्यास शास्त्राची अनुज्ञा नाही आणि तेही जीर्ण-अजीर्ण लक्षणे पाहूनच केले जाते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्निग्धबहुल आहारात अग्निपरीक्षण हे त्यापेक्षाही अधिक आवश्यक ठरते, कमी नव्हे. उद्गारशुद्धी, लघुता, वेळेवर क्षुधा व बद्ध परंतु सुखाने प्रवृत्त होणारा मल ही लक्षणे असतील तर आहार पचत आहे. मुखलिप्तता, गौरव, अरुची, पिच्छिल मल असेल तर स्नेहाची मात्रा त्वरित कमी करावी. कृश, वातप्रकृती व मंदाग्नी व्यक्तींना हा आहार देऊ नये. वर्षा ऋतूत त्याचा आरंभ करू नये. हेमंत-शिशिरातील बलवान अग्नी आरंभास अनुकूल असतो.

सर्वप्रथम औषधांची पिशवी पाहावी

स्वयंपाकघराचा विचार नंतरचा. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, वेष्टनांसह, समोर ठेवण्यास सांगावे व पुढील तीन प्रकार शोधावेत.

१. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे अशी औषधे : डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. ही मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. मधुमेहाखेरीज हृद्रोग व वृक्करोग यांतही ती आता दिली जातात. भारतात स्वामित्वहक्काची मुदत संपल्यावर ती स्वस्त झाली असून मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातील औषधांसह एकाच गोळीत अनेक व्यापारी नावांनी मिळतात. म्हणून व्यापारी नावावर न जाता बारीक अक्षरांतील घटकद्रव्ये वाचावीत. या औषधांसोबत कर्बोदके एकाएकी तोडल्यास रक्तशर्करा फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांमुळे होणाऱ्या कीटोअॅसिडोसिसविषयी २०१५ मध्येच इशारा दिला होता. ही औषधे चालू असताना कीटो आहार सुरू करू नये.

२. इन्शुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे. पोळी-भात बंद झाला व मात्रा तीच राहिली तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम, कंप, भ्रम, क्वचित मूर्च्छा हे परिणाम पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसू शकतात.

३. रक्तदाबाची औषधे, विशेषतः मूत्रल. आहारामुळे जल व लवण आधीच अधिक प्रमाणात जात असल्याने उठताना चक्कर येणे, रक्तदाब उतरणे हे घडते.

या तिन्हींमध्ये औषध थांबविणे वा मात्रा बदलणे हा निर्णय ज्यांनी ते औषध दिले त्या चिकित्सकांचा आहे. रुग्णाजवळ त्यांच्या नावे चिठ्ठी द्यावी. ‘रुग्ण अमुक दिनांकापासून कर्बोदके ५० ग्रॅमपर्यंत आणू इच्छितो, औषधांविषयी कृपया मार्गदर्शन व्हावे’ एवढे दोन ओळींत लिहिले तरी पुरते. उत्तर येईपर्यंत आहार सुरू करू देऊ नये.

येथेच पंचकर्म करणाऱ्या वैद्यांसाठी एक सूचना करणे अगत्याचे आहे. वरील पहिल्या प्रकारातील औषध घेणाऱ्या रुग्णास लंघन, वमन वा विरेचन दिल्यास तोच धोका संभवतो, कारण उपवास व द्रवधातूंची हानी हीच कीटोअॅसिडोसिसची निमित्तकारणे आहेत. निर्जळ एकादशी वा नवरात्रातील कडक उपवास यांनाही हेच लागू पडते. पूर्वकर्माच्या नोंदपत्रकात ‘ग्लिफ्लोझिन : आहे / नाही’ असा रकाना ठेवणे इष्ट होय.

कोणास देऊ नये ?

टाइप १ मधुमेह, गर्भिणी व सूतिका, पित्ताश्मरीचा त्रास वा अग्न्याशयशोथ होऊन गेलेले, यकृत वा वृक्क यांचे गंभीर विकार असलेले, ट्रायग्लिसराइड अतिशय वाढलेले, तसेच आहारविषयक मानसिक विकार असलेले रुग्ण यांना हा आहार वर्ज्य समजावा. वातरक्ताच्या रुग्णात आरंभी युरिक अॅसिड वाढून वेग येऊ शकतो. बालकांमध्ये अपस्मार वगळता त्याचा विचार करू नये आणि अपस्मारातही तो मेंदूविकारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच दिला जावा. आरंभापूर्वी रक्तदाब, वजन, कटिपरिघ, रक्तशर्करा, एच.बी.ए.१सी., लिपिड, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या व युरिक अॅसिड यांची नोंद करावी. लिपिडची तपासणी दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण काही व्यक्तींत एल.डी.एल. लक्षणीय वाढते.

आरंभ पादांशिक क्रमाने

दीर्घकाळ सात्म्य झालेली वस्तू एकाएकी सोडू नये, पादांशाने सोडावी व नवी पादांशाने स्वीकारावी, हा शास्त्राचा दंडक येथे तंतोतंत उपयोगी पडतो. प्रत्येक पादास साधारण एक आठवडा द्यावा.

पहिला पाद : साखर, गूळ, मध, शीतपेये, फळांचे रस, बिस्किटे, फरसाण व मैद्याचे पदार्थ बंद. चहा बिनसाखरेचा.

दुसरा पाद : रात्रीच्या जेवणातून पोळी, भाकरी, भात, बटाटा, रताळे वगळावे. त्याऐवजी भाज्या, अंडी, पनीर किंवा मासे.

तिसरा पाद : न्याहारीतील पोहे, उपमा, इडली, थालीपीठ यांना पर्याय द्यावा.

चौथा पाद : दुपारची भाकरी एकीवरून अर्धी व नंतर बंद; वरण-उसळीही मोजकी. खऱ्या अर्थाने कीटोजेनिक अवस्था येथेच सुरू होते.

अनेक रुग्णांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या पादावर थांबूनही अपेक्षित लाभ होतो. तसा लाभ दिसत असेल तर चौथ्या पादाचा आग्रह धरू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवावा असे सुचविले आहे. आपल्या घरांतील ताटाचा विचार करता एवढे साधणे हेच मोठे पथ्य ठरेल.

महाराष्ट्रीय स्वयंपाकघरातील हिशेब

रुग्णास ग्रॅमचे कोष्टक देण्यापेक्षा ताटातील पदार्थांवरून समजावून द्यावे. एका मध्यम पोळीत सुमारे १८ ते २० ग्रॅम, ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम, वाटीभर भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एक भाकरी व वाटीभर वरण यांतच दिवसाची मर्यादा संपते. उपवासाचा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि भगरही धान्यच होय. ‘आज उपवास आहे, म्हणून फक्त साबुदाण्याची खिचडी’ असे म्हणणाऱ्या रुग्णाचा आहार त्या दिवशी पुरता मोडतो.

उपयुक्त पदार्थ असे : मेथी, पालक, चाकवत, शेपू, दुधी, दोडका, पडवळ, कारले, कोबी, फ्लॉवर, भेंडी, वांगे, काकडी, शेंगदाणे, तीळ, जवस, ओले व सुके खोबरे, अंडी, मासे, चिकन, पनीर, ताक व बिनसाखरेची सोलकढी. कांदा व टोमॅटो फोडणीपुरते चालतात. गाजर, बीट व कंद टाळावेत. पनीर हे किलाटाप्रमाणे गुरू असल्याने रात्री अल्पच घ्यावे व दही रात्री घेऊ नये.

एका दिवसाचा नमुना : सकाळी मेथी घालून दोन अंड्यांचे ऑम्लेट, दुपारी दोन वाट्या भाजी, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, शंभर ग्रॅम पनीर व पेलाभर ताक, सायंकाळी तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, रात्री दुधीचे सूप, फ्लॉवरची भाजी व मासे किंवा चिकन. यात कर्बोदके ४० ग्रॅमच्या आसपास व प्रथिने ५५ ते ६० ग्रॅम होतात. प्रथिने शरीरभाराच्या प्रतिकिलो सुमारे एक ग्रॅम मिळणे आवश्यक आहे. शुद्ध शाकाहारी व्यक्तीस डाळी सुटल्यावर हे साधणे कठीण जाते. पनीर, ताक, शेंगदाणे व सोयाबीनचे पदार्थ यांनी ती उणीव भरून निघत नसेल तर तिसऱ्या पादावरच थांबावे व मूग-कुळीथ चालू ठेवावेत.

तुपाविषयी एक गैरसमज दूर करावा. वजन उतरविण्यासाठी तूप पिण्याची गरज नाही. कर्बोदके सुटल्यावर शरीरातील मेद वापरला जावा हाच उद्देश असतो. दिवसाला चार-सहा चमचे तूप व तेल स्वयंपाकातून पुरे होते. तुपावर उष्णोदक घ्यावे, शीत जल नव्हे.

पहिल्या पंधरवड्यातील तक्रारी

शिरःशूल, थकवा, पायांत गोळे येणे या तक्रारी बहुधा जल व लवणाच्या हानीमुळे असतात. ताकात सैंधव, बिनगुळाचे आमसुलाचे सार, सैंधव घातलेले लिंबूपाणी यांनी त्या दोन-तीन दिवसांत कमी होतात. रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असेल तर मात्र लवण वाढवू नये. मलावष्टंभासाठी पालेभाज्या, भाजलेले जवस, इसबगोल व रात्री त्रिफळा चूर्ण यांची योजना करावी. मुखास विशिष्ट दुर्गंध येतो, तो अॅसिटोनचा असून मुखरोगाचा नसतो.

हे अम्लपित्त समजू नये

हृल्लास, छर्दी, उदरशूल, अत्यंत ग्लानी, दीर्घ व जलद श्वास ही लक्षणे कीटो आहार घेणाऱ्या किंवा ग्लिफ्लोझिन औषध घेणाऱ्या रुग्णात दिसली तर अम्लपित्त किंवा अजीर्ण असे निदान करून सूतशेखर, कामदुधा देऊन घरी पाठवू नये. रक्तशर्करा १८० किंवा २०० आहे म्हणून निश्चिंत राहू नये. या प्रकारात ती तेवढीच असू शकते. मूत्रातील कीटोनची पट्टी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजत नाही, त्यामुळे तिचा निष्कर्ष सौम्य आला तरी धोका टळला असे मानू नये. रक्तातील कीटोन ३ मिलिमोलच्या वर असतील, किंवा तपासणीची सोय नसेल आणि लक्षणे वरीलप्रमाणे असतील, तर रुग्णास तत्काळ अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे व चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि आहाराचा उल्लेख ठळकपणे करावा. तो उल्लेख नसल्यास सामान्य दिसणाऱ्या साखरेमुळे तेथील निदानासही विलंब लागू शकतो.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या अनेक कल्पांमध्ये शर्करा हे प्रमुख घटकद्रव्य आहे. सितोपलादी चूर्णाच्या एकतीस भागांपैकी सोळा भाग खडीसाखर असते. अविपत्तिकर चूर्णात ती निम्मी, तर तालिसादी चूर्णात दोन-तृतीयांश असते. अवलेह, पाक, गुलकंद यांविषयी सांगणे नकोच. आसवारिष्टांत संधानानंतरही काही शर्करा शिल्लक राहते. प्रौढ रुग्णात चूर्णाच्या मात्रेतील दोन-तीन ग्रॅमने फारसे बिघडत नाही. परंतु अपस्मारासाठी ४:१ आहारावर असलेल्या बालकास खोकल्याकरिता मधातून सितोपलादी वा गोड सिरप दिल्यास कीटोन घटून थांबलेले आक्षेप पुन्हा सुरू होऊ शकतात. म्हणून बालकासाठी औषध मागणाऱ्या पालकास ‘मूल विशेष आहारावर आहे काय?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा व तसे असल्यास उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय औषध देऊ नये. प्रौढांना वटी, गुग्गुळ कल्प व शर्कराविरहित चूर्णे सुचविता येतात.

‘शुगरफ्री’ असे छापलेल्या कल्पांतील सॉर्बिटॉलने द्रवमल होऊ शकतो व माल्टिटॉलने रक्तशर्करा काही अंशी वाढते. ‘कीटो’ असे नाव छापलेल्या खाद्यपदार्थांवरील एकूण कर्बोदकांचा आकडा ग्राहकास वाचून दाखवावा. मूत्रपट्टी विकताना तिची उपरोक्त मर्यादा तोंडी सांगावी.

समाप्ती

हा आहार आजन्म चालविण्याचा आग्रह नसावा. थांबविताना शोधनानंतरच्या संसर्जनक्रमाचे तत्त्व ध्यानात घ्यावे : प्रथम मूग-कुळिथाचे कढण, नंतर वरण, नंतर अर्धी भाकरी, शेवटी भात. लग्नसराईत एका दिवसात श्रीखंड-पुरीवर येणाऱ्याचे वजन आठवडाभरात दोन-तीन किलोंनी वाढलेले दिसते. त्यातील बरेचसे जल असले तरी रुग्णाचा धीर खचतो आणि मधुमेह्याची साखर तर एकदम चढते. आहार थांबविताना कमी केलेल्या औषधांचा पुनर्विचार त्याच चिकित्सकांकडून करून घ्यावा.

वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना विनंती एवढीच की, ‘कीटो’ हा शब्द रुग्णाच्या तोंडून येताच आहाराच्या गुणदोषांची चर्चा करण्यापूर्वी त्याची औषधे पाहावीत आणि ग्लिफ्लोझिन आढळल्यास आहार तेथेच थोपवून धरावा. ती वेष्टने वाचण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे प्रत्येक वेळी द्यावीत.